दिव्यांग दाखल्याची टक्केवारी आणि मासिक अनुदान: निर्णय कसा होतो, फाइल कशी तयार करावी

महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तीला दरमहा अनुदान मिळण्याआधी दोन कार्यालयं दोन वेगळे निर्णय घेतात. सरकारी रुग्णालयातलं बोर्ड दिव्यांगत्व किती टक्के आहे ते ठरवतं. तहसील कार्यालय उत्पन्न, वय आणि वास्तव्य पाहून अनुदान द्यायचं की नाही ते ठरवतं. बोर्डातल्या डॉक्टरला घरच्या परिस्थितीशी देणंघेणं नसतं आणि तहसीलदाराला टक्का वाढवण्याचा अधिकार नसतो. बहुतेकांचे हेलपाटे यातूनच होतात: गरिबीची कैफियत डॉक्टरपुढे मांडली जाते आणि आजाराची तहसीलदारापुढे.

चाळीसची रेघ

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, ॲसिड हल्ल्यातल्या जखमा, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळे आता यादीत आहेत. यादीत नसलेल्या आजारावर, तो कितीही गंभीर असला तरी, दाखला मिळत नाही. त्या आजारामुळे हातपाय, दृष्टी, श्रवण अशा यादीतल्या एखाद्या गोष्टीवर कायमचा परिणाम झाला असेल, तर त्या परिणामाचं मूल्यमापन होतं. मधुमेहाचा दाखला मिळणार नाही, मधुमेहाने गेलेल्या दृष्टीचा मिळेल.

४० टक्के किंवा जास्त असेल तर कायद्याच्या भाषेत ते लक्षणीय दिव्यांगत्व. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के आणि बहुतेक योजना इथून पुढे सुरू होतात. दुसरी रेघ ८० ची आहे. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना ८० टक्क्यांनाच आहे आणि प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीतली दिव्यांगांची वजावटही तिथे ७५ हजारांवरून सव्वा लाखावर जाते. यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्राच्या) रंगावरूनही हे कळतं: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० पासून निळं.

पहिली पायरी: पोर्टलवरचा अर्ज

अर्ज केंद्राच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर करायचा. दिव्यांग दाखला आणि अठरा अंकी क्रमांकाचं यूडीआयडी कार्ड यांसाठी हा एकच अर्ज आहे. मोबाइलवरून भरता येतो, जमत नसेल तर सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून भरून घ्यावा. आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सही किंवा अंगठा लागतो. फोटो फक्त चेहऱ्याचा हवा. अधू हात किंवा पाय दाखवणारा पूर्ण फोटो काढून आणा असं अजूनही कुणी सांगतं, तशी गरज नाही.

नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच टाका. आधारवरच चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, कारण हाच तपशील पुढे बँक खात्यापर्यंत जातो.

दोन रकाने विचार करून भरावेत. एक, दिव्यांगत्वाचा प्रकार. यावरूनच कोणत्या तज्ज्ञाकडे पाठवायचं ते ठरतं. अर्धांगवायूत हाताबरोबर वाचाही गेली असेल आणि अर्जात फक्त अस्थिव्यंग लिहिलं, तर वाचेची तपासणी होतच नाही. एकाहून जास्त दोष असतील तर बहुविकलांगता निवडून सगळे नोंदवा. दुसरा रकाना रुग्णालयाचा. जवळचं उपजिल्हा रुग्णालय सोयीचं वाटतं, पण तिथे मानसोपचारतज्ज्ञ किंवा ऑडिओमेट्रीची (श्रवणचाचणीची) सोय नसेल तर तिथून पुन्हा सिव्हिलला किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला पाठवतात. आधी चौकशी करून जिथे तो तज्ज्ञ बसतो तेच रुग्णालय निवडलेलं बरं. बोर्डाचे वार ठरलेले असतात, तेही विचारून घ्या.

कधी जावं, काय न्यावं

घाई अंगाशी येते. मोजायचं असतं ते कायमचं नुकसान. फ्रॅक्चरचं प्लास्टर चालू आहे, शस्त्रक्रिया ठरली आहे, पक्षाघातानंतर फिजिओथेरपीने हात अजून सुधारतो आहे, अशा वेळी बोर्ड एकतर ‘उपचारानंतर या’ म्हणतं किंवा थोड्या मुदतीचा तात्पुरता दाखला देतं.

नेताना तीन गोष्टींचे पुरावे न्या: आजार काय, उपचार काय झाले, आज स्थिती काय. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, जुने केस पेपर तारखेप्रमाणे लावा, वर सर्वात अलीकडचा अहवाल ठेवा. एक्स-रेची फिल्मही न्या, नुसता अहवाल पुरत नाही. मूळ प्रती दाखवायच्या, झेरॉक्स द्यायच्या. खासगी डॉक्टरने ‘६० टक्के अपंगत्व’ असं लिहून दिलेलं पत्र बोर्डावर बंधनकारक नसतं. त्याच डॉक्टरने सांध्याची हालचाल किती अंश, स्नायूंची ताकद किती, असं लिहून दिलं तर त्याचा जास्त उपयोग होतो.

टक्के कसे मोजतात

मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने ४ जानेवारी २०१८ ला राजपत्रात प्रसिद्ध केली आणि मार्च २०२४ मध्ये सुधारित केली. डॉक्टर अंदाजाने आकडा टाकत नाहीत, तक्त्यातून काढतात. तक्ते क्रूर वाटतील इतके नेमके आहेत, पण ते माहीत असले की निकाल अनपेक्षित वाटत नाही.

हातापायाचं पाहू. सांधा किती अंशांत हलतो, स्नायूंची ताकद किती, हालचालींचा मेळ कसा आहे, याचे वेगवेगळे गुण काढून एकत्र करतात. नुसत्या दुखण्याला स्वतंत्र गुण नाहीत. तपासणीत किंवा एक्स-रेत दिसणाऱ्या दोषाबरोबर दुखणं असेल तर ते धरलं जातं, एरवी कंबरदुखीने माणूस बसून असला तरी आकडा लहान येतो. पाय आखूड असेल तर पहिल्या अर्ध्या इंचाला शून्य आणि पुढच्या दर अर्ध्या इंचाला ४ टक्के. म्हणजे दोन इंच आखूड पाय हा दिसायला ठळक दोष असला तरी त्याचे १२ टक्केच होतात. पायाची सगळी बोटं गेली तर २० टक्के, अंगठा तळापासून गेलेल्या हाताला ३०.

दृष्टीचं माप चष्मा लावून घेतात. योग्य चष्म्याने दिसत असेल तर तेवढा दोष मोजत नाहीत. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के. एकाक्षी माणसांना ४० चा दाखला का मिळत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

कानांसाठी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार कंपनसंख्यांवरची श्रवणपातळी काढून दोन्ही कानांचे टक्के ठरवतात. मग चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणून त्यात वाईट कानाचे मिळवतात आणि सहाने भागतात. एक कान ठार बहिरा, दुसरा उत्तम, तर (० × ५ + १००) ÷ ६, म्हणजे सुमारे १७. लहान मुलं किंवा ज्यांच्या उत्तरांत मेळ बसत नाही अशा प्रौढांची बेरा ही तपासणी करतात. तिच्यात बटण दाबायचं नसतं, मेंदूचा प्रतिसाद यंत्र टिपतं. नाटक इथे उघडं पडतं आणि खरं बहिरेपणही इथेच सिद्ध होतं.

मानसिक आजाराचं मापन आयडियाज नावाच्या मापनश्रेणीवर होतं. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण, शिवाय आजार किती काळ आहे याचे ४ पर्यंत गुण. विसापैकी ७ झाले की ४० टक्क्यांची पातळी येते. इथे सोबत कोण जातं याला फार महत्त्व आहे. रोज घरात असणारी व्यक्ती हवी. अंघोळीसाठी किती वेळा सांगावं लागतं, शेवटची नोकरी कधी आणि का सुटली, हे तिलाच माहीत असतं. चार माणसांत घरचे ‘तसा ठीक आहे’ म्हणतात आणि गुण तिथेच कमी होतात. वाढवून सांगू नये, झाकूनही ठेवू नये.

एकाहून जास्त दोष असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा ‘अ’ आणि लहान ‘ब’ धरला तर सूत्र असं: अ + ब × (९० − अ) ÷ ९०. समजा एक डोळा गेल्याचे ३० आणि हाताच्या दोषाचे १५. बेरीज ४५ वाटते, पण सूत्राने ३० + १५ × ६० ÷ ९० = ४० होतात. हाताचे १४ धरले तर उत्तर ३९.३ येतं. म्हणून किरकोळ वाटणारा दुसरा दोषही नोंदवून घ्यावा. तो एकटा काही देत नाही, पण रेघेपलीकडे नेऊ शकतो.

दाखला हातात आल्यावर

२०२४ च्या सुधारित नियमांनुसार दाखला तीन महिन्यांत मिळायला हवा (आधी मुदत एक महिन्याची होती). अर्ज दोन वर्षं निर्णयाविना पडून राहिला तर तो निष्क्रिय होतो. त्यामुळे पोर्टलवर अर्जाची स्थिती मधूनमधून पाहत राहा.

दाखल्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्के आणि ‘कायमस्वरूपी’ की ‘तात्पुरता’ हे आधी वाचा. तात्पुरत्याची तारीख संपायच्या आधीच पुनर्तपासणीसाठी अर्ज करा. तारीख उलटून गेली की अनुदान थांबतं.

नाकारल्यास कारण लेखी मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी नमुना आठ ठरवून दिलेला आहे. तोंडी ‘बसत नाही’ ऐकून परत फिरू नका, कागद मागा. टक्के कमी वाटत असतील तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. कोणता दोष तपासला गेला नाही किंवा कोणता अहवाल पाहिला गेला नाही, हे नेमकं लिहा आणि तो अहवाल जोडा.

खोट्या कागदांच्या वाटेला जाऊ नये. दिव्यांगांचा लाभ लबाडीने घेतल्यास कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

तहसीलमधला निर्णय

आता टक्के ठरलेले असतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी ४० टक्के, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत हवं. इतर निराधारांना ही मर्यादा २१ हजारांची आहे. कधी कधी टेबलावर चुकून २१ चीच अट लावली जाते, तेव्हा दिव्यांगांची मर्यादा वेगळी आहे हे सांगावं. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. इंदिरा गांधी योजनेला १८ ते ७९ वय, ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं.

अर्जाबरोबर दिव्यांग दाखला, उत्पन्नाचा दाखला, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक जोडा. तलाठी चौकशी करतो, अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीची बैठक झाल्याशिवाय मंजुरी होत नाही, म्हणून रोज खेटे घालण्यापेक्षा पुढची बैठक कधी आहे ते विचारावं. अर्ज दिल्याची पोच मात्र त्याच दिवशी घ्या.

बहुतेक अर्ज नकाराने अडत नाहीत, त्रुटींनी अडतात. उत्पन्नाचा दाखला जुना, दोन कागदांवर नावाची वेगळी स्पेलिंगं, किंवा खातं आधारशी जोडलेलं नसणं. यातला शेवटचा प्रकार सर्वात फसवा आहे. मंजुरीचं पत्र येतं आणि पैसे येत नाहीत, कारण रक्कम थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जाते आणि कुटुंबाने वेगळ्याच बँकेचं पासबुक दिलेलं असतं. कोणतं खातं जोडलेलं आहे ते बँकेत विचारून घ्या आणि त्याच खात्याचं पासबुक अर्जाला लावा. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की नाव यादीतून बाजूला पडतं आणि पुन्हा तहसील गाठावी लागते.