क्रिटिकल रीझनिंगचा सराव करताय? या चुका टाळा

सोयाबीन निघून गेलं की आमच्या अभ्यासिकेत नवे चेहरे दिसू लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षातली पोरं-पोरी. एमबीएच्या प्रवेश परीक्षा देणारी: बहुतेक एमबीए सीईटीवाली, काही कॅटवाली, एखाद-दुसरं जीमॅट देणारं. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वरच्या मजल्यावरची खोली, तीस खुर्च्या. नऊ वर्षं झाली, मी इथे संध्याकाळी क्रिटिकल रीझनिंगचे प्रश्न घेऊन बसतो, म्हणजे छोटा युक्तिवाद देऊन तो कशाने कमकुवत होतो, त्यात काय गृहीत धरलंय असं विचारणारे प्रश्न. पोरं बदलतात, चुका त्याच राहतात. आणि पोरं हुशार असतात, म्हणून जीव जास्त तुटतो.

"आज साठ सोडवले, सर"

हे वाक्य ऐकलं की मी आधी वही मागतो. वहीत साठ अक्षरं असतात: बी, डी, ए, सी, डी. बाजूला टिक किंवा फुली. एकाही फुलीपुढे ती का पडली याचा एक शब्द नसतो. जीमॅटच्या व्हर्बल विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न असतात, त्यातही उतारे आणि क्रिटिकल रीझनिंग मिळून. म्हणजे खुद्द परीक्षाही तुमच्याकडून साठ मागत नाही. सहा सोडवा, पण त्या सहांशी भांडा. बरोबर पर्याय बरोबर का, आणि उरलेले चारही चूक का, हे लिहिता आलं तरच तो प्रश्न सोडवला असं मी मानतो. नुसती टिक मी मोजत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका पोराने मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफची झेरॉक्स काढली, बाइंडिंग करून आणली. तीनशे प्रश्न. रोज पहाटे उठून सोडवायचा. मेहनतीत तसूभर कमी नव्हता. दोन महिन्यांनी एका प्रश्नावर मी म्हणालो, "याचं उत्तर सी." तो म्हणाला, "नाही सर, बी आहे," आणि बी का बरोबर हे त्याने मला इतकं सफाईने समजावलं, की क्षणभर मीच थबकलो. मग उत्तरतालिका पाहिली. 112व्या प्रश्नाचं उत्तर छापायचंच राहिलं होतं आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली होती. 113चं उत्तर 112समोर, 114चं 113समोर. पोरगं जवळजवळ दोनशे प्रश्न चुकीच्या उत्तराशी ताडून पाहत होतं. उत्तर जुळलं नाही की स्वतःलाच दोष द्यायचं आणि छापलेल्या अक्षरासाठी कारण शोधून काढायचं. पोटात गोळा आला माझ्या. ज्या परीक्षेत चुकीचं कारण ओळखायचं, तिच्यासाठी त्याने चुकीची कारणं तयार करायची सवय लावून घेतली होती. ती मोडायला आम्हाला पावसाळाभर लागला.

म्हणून माझ्याकडे एकच नियम आहे: प्रश्न परीक्षा घेणाऱ्यांचेच. जीमॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर दोन सराव परीक्षा फुकट मिळतात. एलसॅट ही अमेरिकेतली कायद्याच्या प्रवेशाची परीक्षा, तिच्या लॉजिकल रीझनिंगचे जुने अधिकृत पेपरही फुकट पाहता येतात. ते कठीण आहेत, पण घडण अस्सल. नागपूरच्या सीताबर्डीहून जुनं जीमॅटचं पुस्तक आणलं असेल तर त्यातलं सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्य दुरुस्तीचे प्रश्न, सोडून द्या, नव्या परीक्षेत ते नाही. क्रिटिकल रीझनिंगची पानं मात्र अजूनही कामाची.

वावर घरी ठेवून या

ही चूक आमच्याकडच्या पोरांची खास, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. मी स्वतः बनवलेला एक प्रश्न दरवर्षी देतो. तो असा:

एका तालुक्यात ज्या गावांनी कपाशीवरच्या फवारण्या वाढवल्या, तिथे गुलाबी बोंडअळीचं नुकसान घटलं. म्हणून फवारण्या वाढवल्यामुळेच नुकसान घटलं. हा युक्तिवाद कशाने कमकुवत होतो?

एक पर्याय: फवारणी करणाऱ्याला विषबाधेचा धोका असतो. दुसरा: त्याच गावांनी आदल्या हंगामात फरदड (जुन्याच झाडांवरचं लांबवलेलं पीक) न घेता डिसेंबरातच पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटल्या होत्या, त्यामुळे अळीचं खाद्य तुटलं होतं.

कळंबकडच्या एका पोराने पहिला पर्याय निवडला. मी विचारलं, का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, माहा काका 2017 मधे फवारतानाच गेला. हे खोटं हाय का?"

2017 साल आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. बोंडअळीने पऱ्हाट्या खाल्ल्या आणि फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. मी त्याला म्हणालो, खोटं नाही, बाळा. त्या पर्यायातला शब्द न् शब्द खरा आहे. पण युक्तिवाद "फवारणी चांगली" असं म्हणतच नाही. तो एवढंच म्हणतो, की नुकसान घटलं ते फवारणीमुळे. फवारणी जीवघेणी असली तरी तिच्यामुळे अळी कमी झालेली असू शकते. त्या "मुळेच"ला धक्का कोण देतं ते शोध. तो दुसऱ्या पर्यायावर आला. आधीच पऱ्हाट्या उपटल्या होत्या, म्हणजे नुकसान घटायला दुसरं कारण हजर आहे. मग हलकेच मान हलवली.

पर्याय खरा आहे, महत्त्वाचा आहे, मनाला भिडतो, तरी तो उत्तर नसू शकतो. शेतकऱ्याच्या पोराला शेतीचा प्रश्न, दवाखान्यात काम करणाऱ्या पोरीला औषधाचा प्रश्न, इथेच घात होतो. आपल्याला माहीत असलेलं आपण युक्तिवादात भरतो आणि लिहिणाऱ्याने न म्हटलेलं त्याच्या तोंडी घालतो.

माझी सवय सांगतो. पर्यायांवर हात ठेवायचा, अगदी खरोखरचा तळहात. वरचा मजकूर वाचायचा आणि "म्हणून" या शब्दाने सुरू होणारं एक वाक्य आपल्या बोलीत लिहायचं. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल, चांगलंच. "म्हणून फवारल्यानंच अळी कमी झाली." हे वाक्य कागदावर आल्याशिवाय हात उचलायचा नाही. पहिले पंधरा दिवस एका प्रश्नाला पाच मिनिटं लागतात. लागू द्या. पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावणाऱ्या पोरांना मी तो बंद करायला लावतो. ज्याला अजून निष्कर्षच सापडत नाही, त्याने वेग कशाचा वाढवायचा?

"तर" आणि "तरच"

मराठी माध्यमातली पोरं इंग्रजी वाक्य मनातल्या मनात मराठीत आणतात. त्यात वाईट काही नाही, मीही तेच करतो. पण आणताना "च" सांडतो. "इफ" म्हणजे तर. "ओन्ली इफ" म्हणजे तरच. कर्ज मिळालं तर तो ठिबक बसवेल: इथे कर्ज मिळालं की ठिबक आलंच. कर्ज मिळालं तरच तो ठिबक बसवेल: इथे कर्ज मिळूनही त्याने बसवलं नाही तर वाक्य खोटं पडत नाही. ठिबक दिसलं तर मात्र कर्ज मिळालं होतं हे नक्की. आपल्या भाषेत हा फरक एका अक्षरात बसलाय, घरी कोणी तो चुकत नाही, आणि पेपरात दहातली सहा पोरं चुकतात.

तसंच इंग्रजीतल्या "सम"चं (some). आपण "काही पोरं आली" म्हणतो तेव्हा "काही आली नाहीत" हेही ऐकू येतं. परीक्षेतलं "सम" म्हणजे निदान एक. सगळी आली असली तरी ते वाक्य खरंच. गृहीतक, म्हणजे युक्तिवादात न बोलता धरलेली गोष्ट, तपासताना पर्याय उलटा करून पाहतात, तिथेही हाच घोळ. "सगळ्या विहिरींना पाणी आहे" याचं उलट "एकाही विहिरीला पाणी नाही" असं करू नका. "निदान एका विहिरीला पाणी नाही" एवढंच उलट. असं उलटवल्यावर युक्तिवाद कोसळला, तर ते गृहीतक.

बाकीच्या, थोडक्यात

"ऑलवेज, नेव्हर दिसलं की पर्याय काट." हा शॉर्टकट कोणी शिकवला असेल तर विसरा. दिलेल्या माहितीतून काय निघतं असं विचारलं असेल तर टोकाच्या शब्दांशी जपून राहा, ते खरंच. पण युक्तिवाद कमकुवत करा म्हटलं असेल तर जोरकस पर्याय हवाच असतो.

प्रश्न आधी वाचावा की मजकूर, यावर तासभर वाद घालू नका. मी प्रश्न आधी वाचतो.

सीईटीची सवय जीमॅटला नेऊ नका. सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न आणि चुकीला दंड नाही, तिथे अंदाज चालतो. कॅटच्या बहुपर्यायी प्रश्नात चुकलं की एक गुण जातो. जीमॅटमध्ये विभाग संपल्यावर तीनच उत्तरं बदलता येतात, म्हणून "मागून पाहू" म्हणत पुढे धावण्यात अर्थ नाही.

रात्री अकरानंतर हे प्रश्न सोडवू नका. गणित चालतं, हे नाही.

आणि "दोनच पर्याय उरतात, मग चुकतं" ही तक्रार. दोन उरले की पोरं त्या दोन पर्यायांकडेच टक लावून बसतात, पुन्हा पुन्हा तेच वाचतात. नजर वर न्या. तुम्ही लिहिलेलं "म्हणून"चं वाक्य वाचा. मग एकेक पर्याय खरा धरा आणि ते वाक्य परत वाचा. कोणता खरा धरल्यावर वाक्य डळमळतं? ज्याने काहीच हलत नाही तो गेला. वाक्यच लिहिलं नसेल तर मी मदत करत नाही, परत पाठवतो. पोरं रागावतात, दोन दिवस येत नाहीत, मग वही घेऊन येतात.

रविवारी आम्ही एक करतो. आठवड्यात चुकलेला एक प्रश्न प्रत्येकाने मोठ्याने वाचायचा, पर्याय न सांगता. बाकीच्यांनी फक्त "म्हणून" पुढचं वाक्य सांगायचं. मागच्या रविवारी तासाभरात चारच प्रश्न झाले. त्या कळंबच्या पोराने चौथ्यावर वाचणाऱ्याला मधेच थांबवलं, "थांब, हे त्यानं म्हटलंच नाही, हे तू म्हणून रायला."