थंडीत काश्मीर, स्पिती, लेहला गाडी नेताय? इंजिन ऑइल आणि फिल्टर असे निवडा

डिसेंबर लागला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं उभं राहा, हा प्रश्न ऐकू येतोच, बर्फ बघायला गाडी घेऊन चाललोय, ऑइल कुठलं टाकू? आणि उत्तरं पण ठरलेली, एक म्हणजे "जाड टाका, घाट हाय, इंजिन तापतंय" आणि दुसरं "सगळ्यात महागातलं सिंथेटिक टाका, विषय संपला". दोन्ही अर्धवट आहेत आणि अडीच हजार किलोमीटरच्या वर गाडी नेऊन सकाळी सेल्फ (स्टार्टर) नुसता कण्हायला लागला तर तिथं कोण वाली नसतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जाणार कधी ते ठरवा. जून ते सप्टेंबरमध्ये लेहला जाणार असाल (आपल्याकडचे बहुतेक लोक तेव्हाच जातात) तर ऑइलचा ग्रेड (डब्यावरचे जाड-पातळपणाचे आकडे) बदलायची काही गरज नाही. त्या दिवसांत रात्रीचं तापमान शून्याच्या आसपास किंवा वरच असतंय, फार वर खिंडीत मुक्काम केला तर थोडं खाली, आणि आपलं रोजचं १५डब्ल्यू-४० तेवढं आरामात झेपवतंय. फक्त ऑइल ताजं असू द्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मनालीत, श्रीनगरमध्ये रात्री उणे ५ च्या आसपास, गुलमर्गला उणे १० पर्यंत, लेहला उणे १५ आणि स्पितीतल्या काझाला उणे २० सुद्धा होतंय. आपल्या कोल्हापुरात पहाटे १२-१४ डिग्री झालं की शेकोट्या पेटतात, त्यामुळं आपल्या गाडीनं ही थंडी कधी बघितलेलीच नसते.

आता डब्यावरचे आकडे. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा. पहिला जेवढा लहान तेवढं थंडीत ऑइल लवकर वाहतंय. याची टेस्ट ठरलेली आहे, २०डब्ल्यू ऑइलवर इंजिन उणे १५ डिग्रीला फिरलं पाहिजे, १५डब्ल्यूवर उणे २०, १०डब्ल्यूवर उणे २५, ५डब्ल्यूवर उणे ३० आणि ०डब्ल्यूवर उणे ३५, आणि पंपानं ऑइल ओढायची मर्यादा त्याहून अजून ५ डिग्री खाली. दुसरा आकडा १०० डिग्रीला मोजतात. म्हणजे ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं घाटात इंजिन तापल्यावर जवळपास सारखीच जाड असतात, फरक पडतो तो पहाटे चावी फिरवली त्या पहिल्या मिनिटाला. "पातळ टाकलं तर घाटात इंजिन बसंल" ही भीती इथंच संपायला पाहिजे, कारण थंडीसाठी आपण पहिला आकडा खाली आणतोय, दुसरा आहे तसाच ठेवतोय.

ते पहिलं मिनिट एवढं महत्त्वाचं का? गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल वरून उतरून खालच्या चेंबरमध्ये (ऑइल साठायच्या भांड्यात) जमा होतंय, सकाळी पंपानं ते ओढून वर कॅमपर्यंत, टर्बोपर्यंत पोचवायचं असतंय आणि तोपर्यंत धातूवर धातू जवळपास कोरडाच घासतो. उणे १५ ला २०डब्ल्यू-५० म्हणजे गुऱ्हाळावरची गार झालेली काकवी, कसंबसं हलतंय. त्यात उणे १८ च्या आसपास बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते, म्हणजे इंजिन फिरायला जड आणि फिरवणारा अशक्त. तीन-चार वर्षं जुनी बॅटरी असेल तर निघायच्या आधी लोड टेस्ट करून घ्या, ऑइलएवढंच तेही महत्त्वाचं आहे.

मग टाकायचं काय? गाडीचं मॅन्युअल काढा, ग्लोव्ह बॉक्समध्ये कव्हरसकट पडलेलं असतंय, त्यात मागच्या पानांवर ऑइलचा ग्रेड आणि बऱ्याचदा तापमानाचा तक्ता पण असतो. गेल्या काही वर्षांतली पेट्रोल गाडी असेल तर तिला बहुतेक ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० च सांगितलेलं असतंय, मारुतीच्या काही नव्या इंजिनांना तर ०डब्ल्यू-१६. या लोकांनी काही बदलायचं नाही, उलट मिस्त्री जाड टाकूया म्हणाला तरी ऐकायचं नाही, कारण त्या इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप त्या ग्रेडच्या हिशोबानं बनवलेत. खरा प्रश्न जुनी बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओवाल्यांचा, ज्यांच्यात वर्षानुवर्षं १५डब्ल्यू-४० पडत आलंय. श्रीनगर-मनालीपर्यंतच जाणार असाल तर त्यावर भागतंय, काझा किंवा लेहला मुक्काम असेल तर तक्त्यात बसत असेल तर ५डब्ल्यू-४० घ्या. माझं मत विचाराल तर तिथं पैसे वाचवू नका. फक्त जुन्या इंजिनाच्या सीलमधून आधीच ऑइल पाझरत असेल तर पातळ सिंथेटिकनं ते वाढू शकतंय, तेव्हा सील आधी करून घ्या.

ग्रेडएवढंच स्पेसिफिकेशन, म्हणजे ऑइलच्या दर्जाचा डब्यावरचा कोड बघा, हे आपल्याकडं कोण बघतच नाही. पेट्रोलला एपीआय एसपी (हे २०२० मध्ये आलं) किंवा मॅन्युअलमध्ये असेल त्यापेक्षा खालचं नको. डिझेलला सीआय-४ किंवा सीके-४. आणि बीएस-६ डिझेल गाडी असेल, डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) असेल, तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच लागतंय, बहुतेक एसीईए (युरोपातला दर्जा) सी२ किंवा सी३. काजळी डीपीएफ स्वतः जाळून टाकतो पण ऑइलची राख जळत नाही, ती साचत जाते आणि डीपीएफ चोक होतो, त्याचा खर्च कितीतरी डब्यांचा आहे. घेताना सील बघा, तारीख बघा, बिल घ्या आणि रिकामा डबा फोडून टाका नाहीतर त्यातच डुप्लिकेट भरून परत बाजारात येतंय.

आता ऑइल फिल्टर. ऑइल भारीतलं आणि फिल्टर मिळंल तो, असं लई जण करतात आणि थंडीत नेमकं तिथंच नडतंय. फिल्टरच्या आत दोन झडपा असतात (काही इंजिनांत यातली एखादी ब्लॉकमध्येच असते). एक ऑइल मागं उतरू देत नाही, म्हणजे गाडी बंद केल्यावर फिल्टर भरलेला राहतो आणि सकाळी ऑइल लगेच वर जातंय. ही झडप स्वस्त फिल्टरमध्ये साध्या रबराची असते, ते थंडीत कडक पडतंय आणि नीट बसत नाही, मग सकाळी सुरू केल्या केल्या टॅपेटचा कडकडाट ऐकू येतो. सिलिकॉनची असेल तर मऊच राहते. न वापरलेल्या फिल्टरच्या भोकांतून आत बघितलं की ती दिसते, बऱ्याचदा सिलिकॉनची केशरी किंवा लाल आणि साधी काळी, पण रंगावर पूर्ण भरवसा ठेवू नका, दाबून मऊ लागते का बघा. दुसरी बायपास झडप, ऑइल जाड झालं किंवा फिल्टर तुंबला की ती उघडते आणि ऑइल न गाळताच इंजिनात जातंय. इंजिन कोरडं पडण्यापेक्षा ते बरं, पण ऑइल जाड आणि फिल्टर जुना असला की ती रोज सकाळी जास्त वेळ उघडी राहणार. त्यामुळं ऑइल बदललं की फिल्टर बदलायचाच, आणि गाडीच्या कंपनीचा किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या ब्रँडचाच.

बदलायचं निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी, म्हणजे गळती असेल तर इथंच कळंल. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, चेंबरच्या नटाचा वायसर नवीन घाला, जुन्या फिल्टरचं पॅकिंग ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघा, कारण दोन पॅकिंग एकावर एक बसली की सगळं ऑइल रस्त्यावर. नवीन पॅकिंगला ऑइलचं बोट लावून फिल्टर हातानंच आवळा, टेकल्यावर अजून पाऊण फेरा, पान्यानं पिळायचं नाही. लेव्हल सपाट जागेवर बघा, वरच्या खुणेच्या पुढं जाऊ देऊ नका.

डिझेलवाल्यांनी हे नीट वाचा. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतंय आणि पहिल्यांदा तुंबतो तो डिझेल फिल्टर, गाडी सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत बंद पडते ती यामुळंच. आपल्या पंपावरचं डिझेल त्या थंडीसाठी नसतंय, त्यामुळं टाकी इथून फुल करून तेच वर नेण्याचा विचार पण नको, वर चढायच्या आधी खालच्या शेवटच्या मोठ्या गावात टाकी कमी करून तिथलं भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये विंटर ग्रेड डिझेल आणलंय, ते उणे ३३ पर्यंत गोठत नाही, तिथं पोचल्यावर तेच मागा. फिल्टर नवीन घाला आणि त्याच्या खालच्या बोल्टातून पाणी काढून टाका, कारण साचलेल्या पाण्याचा बर्फ झाला की डिझेल कितीही चांगलं असलं तरी पुढं जात नाही. रॉकेल मिसळायचा सल्ला मिळतो, बीएस-६ गाडीत अजिबात करू नका. टाकीखाली जाळ करणं तर कधीच नाही. ॲडब्लू (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) लागणारी गाडी असेल तर ते उणे ११ ला गोठतंय, घाबरू नका, त्याच्या टाकीला हीटर असतो, आपण गरम पाणी वगैरे ओतायचं नाही.

एअर फिल्टर आपल्याकडं आधीच दमलेला असतो, गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांमागनं चालून त्यात धूळ आणि जळक्या पाचटाची राख बसलेली असते. वर हवा विरळ, त्यात फिल्टर तुंबलेला, मग गाडी ओढत नाही. हवा मारून भागवू नका, नवीन घाला. केबिन फिल्टर पण बघा, तो तुंबला की काचेवर धुकं बसतंय आणि हीटर लावून पण निघत नाही. धुकं आलं की हीटर, एसी दोन्ही चालू आणि बाहेरची हवा आत, एवढं पुरतंय.

तिकडं सकाळी डिझेलचा हीटर प्लगचा दिवा विझू द्या, मग सेल्फ मारा. दहा सेकंदांत नाही झाली तर अर्धा मिनिट थांबून परत. सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं उभी ठेवून गुरगुरवत बसू नका, मिनिटभर थांबा आणि हळू चालवत तापवा, काटा वर येईपर्यंत ॲक्सिलेटर जोरात दाबायचा नाही. कूलंटमध्ये नळाचं पाणी घातलेलं असेल तर निघायच्या आधीच ते बदलून कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं मिक्स करून घ्या, तसलं मिश्रण उणे ३५ च्या आसपास टिकतंय.

परत आल्यावर गेजपट्टी काढून ऑइलचा वास घ्या. थंडीत सारखी सुरू-बंद केली असेल तर पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतंय, वास येत असेल किंवा लेव्हल वाढलेली दिसली तर किलोमीटर झाले नसले तरी बदलून टाका. नाहीतर ५डब्ल्यू-४० तसंच चालू द्या, कोल्हापूरच्या उन्हाळ्यात पण ते चालतंय, आणि टाकीत उरलेलं विंटर डिझेल पण.