बागेतलं काचेचं प्रदर्शन बघायला जाताय? आधी सावली बघा

उन्हाळा आला की आपल्या बडोद्यातले कितीतरी काका-काकू लेकाकडे नाहीतर लेकीकडे परदेशी जातात, आणि तिकडच्या बोटॅनिकल गार्डनमधे डेल चिहुली या अमेरिकन कलाकाराची काचेची शिल्पं लागलेली असली की मुलं नेतातच. लंडनच्या क्यू गार्डन्समधे २००५ आणि २०१९ ला लागली होती, न्यूयॉर्कला २००६ आणि २०१७ ला. काही महिन्यांनी उतरवतात, तेव्हा तारखा आधी बघा. सिएटलला मात्र स्पेस नीडल या उंच मनोऱ्याच्या शेजारी २०१२ पासून कायमची आहेत, तिथं कधीही जा.

तिकीट ऑनलाइन काढा, बूट घाला. झालं.

आता खरी गोष्ट, उजेड. जो तो सांगतो की ऊन पाठीशी ठेवा, फोटो छान येतो. माणसांचा येत असेल, काचेचा नाही! ऊन समोरून काचेवर पडलं की वरची चकाकीच दिसते, पांढरे डाग, रंग गेला कुठल्या कुठे. लक्ष्मीविलास पॅलेसच्या दरबार हॉलमधल्या त्या बेल्जियमच्या रंगीत खिडक्या दिवसा बाहेरून बघा, नुसत्या काळपट, आणि आत गेलात की त्याच पेटल्यासारख्या दिसतात, कारण उजेड काचेतून आरपार तुमच्याकडे येतो. बागेतही तेच करायचं, म्हणजे शिल्पाची सावली तुमच्या बाजूला पडेल असं उभं राहायचं, त्यासाठी अख्खा वळसा घालावा लागला तरी घाला, आणि बरोबरची मंडळी "अहो चला की" म्हणत राहिली तरी हलू नका. मागे गर्द झाडी आली तर उत्तमच, आकाश आलं की फोन गोंधळतो, मग फोनच्या स्क्रीनवर बोट टेकवून ब्राइटनेस थोडा खाली ओढा. फ्लॅश बंद म्हणजे बंद. काही तुकड्यांच्या आत पांढऱ्या काचेचा थर असतो, त्यातून उजेड येत नाही, तेवढे मात्र समोरूनच बघायचे.

दुपारी बाराला जाऊ नका, ऊन डोक्यावर असतं, वळसा घालून उपयोग नाही. सूर्यास्ताच्या दोन तास आधी आत शिरा, तेही जमलं तर ज्या दिवशी रात्री दिवे लावून दाखवतात त्याच दिवशी. रात्रीचं तिकीट बऱ्याचदा वेगळं असतं, महाग वाटेल, तरी काढा, कारण तेच शिल्प उन्हात आणि दिव्यात दोन वेगळी दिसतात, आणि एकच बघायचं असेल तर मी म्हणेन ऊन.

काचघरात शिरताना लेन्सवर वाफ धरते, आत दमट असतं ना. पदराने, रुमालाने पुसत बसू नका, परत धरते. फोन खिशातून बाहेर काढून हातात ठेवा, पाचेक मिनिटांत आपोआप जाते, तोवर झाडं बघा, त्यांचंही तिकीट भरलंय.