माजलेली परसबाग जलरंगात : या चुका टाळा

कमरेएवढं गवत, विहिरीच्या कठड्यावर गुळवेल, तुळशीवृंदावनाला घाणेरीचा वेढा. पावसाळा सरताना अशी बाग रंगवायला घेतात आणि कागदावर उतरतं नुसतं जंगल. बागेची खूणच उरत नाही. वृंदावनाची उभी कड, ढासळलेल्या पायऱ्या, असं माणसाच्या हातचं काहीतरी पेन्सिलीनेच पक्कं करा. ती कड दोन-तीन जागी पाल्यात बुडू द्या. अखंड ठेवली तर बाग कालच झाडल्यासारखी वाटते.

रशियन चित्रकार वासिली पोलेनोव्हचं 1879 मधलं, माजलेल्या तळ्याचं तैलचित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. मागची झाडी जवळपास एकच गडद गठ्ठा. उजेड पडतो तो लाकडी फळ्यांवर आणि पुढच्या बारीक फुलांवर. पानं मोजत बसणाऱ्यांनी ते जरूर पाहावं. आधी डोळे किलकिले करून मागची झाडी, मधली झुडपं आणि पुढचं गवत असे तीन टोन, म्हणजे उजळ-गडद पातळ्या, आगपेटीएवढ्या स्केचमध्ये ठरवा.

ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच फासला की सगळी बाग प्लास्टिकची होते. सावलीला विरिडियनमध्ये बर्न्ट सिएना, मधल्या पाल्याला अल्ट्रामरीन आणि गॅम्बोज, कोवळ्या पानांना लेमन यलोत जरासा सेरुलियन. वाळू लागलेल्या गवतात यलो ऑकर जास्त, हिरवा नावाला.

गवताच्या उजळ काड्या हा सगळ्यात नाजूक भाग. ओल्या वॉशवर, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थरावर, नखाने ओरखडा काढला तर रंग चरीत उतरतो आणि रेघ उलट काळी पडते. वॉशची चमक जाते, पण हाताला गारवा लागतो, तेव्हा जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने रंग बाजूला सारा. रेघ उजळ निघते. दमट हवेत ही वेळ उशिरा येते, घाई नको. मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग रंगापासून झाकणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) वापरणार असाल तर ब्रश आधी साबणात बुडवा, नाहीतर केस चिकटून तो फुकट जातो. मऊ हातकागदावर ते लावूच नका, काढताना कागदाचा पापुद्रा निघतो.

अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाणेरी ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग पडतात. झाडीत पडले तर राहू द्या, फुकटचा पाला मिळाला! आकाशात पडले तर पूर्ण वाळल्यावर ओलसर सपाट ब्रशने उचला. थॅलो ब्लू मात्र कागद सहसा सोडत नाही. तिथे वरून एखादी फांदीच आणावी लागते.