माळ्यावर जपानी आखूड तलवार सापडली? आधी ब्रासो बाजूला ठेवा

ठाण्यात जुन्या बिल्डिंगी रीडेव्हलपमेंटला जातायत, माळे रिकामे होतायत, आणि पणजोबांच्या ट्रंकेतून कधीकधी वाकडसर आखूड तलवार निघते. मग घरातला कोणीतरी हौशी लगेच ब्रासो नाहीतर पॉलिश पेपर घेऊन बसतो. प्लीज नको. तिची सगळी ओळख ज्या गंजात आहे तोच आधी पुसला जातो.

पणजोबा फौजेत होते का ते विचारा. १९४५ला बर्मात जपान्यांनी शरणागती पत्करली तेव्हा अफसरांच्या तलवारी काढून घेतल्या होत्या, आणि १९४६-४७ला जपानमध्ये दोस्त राष्ट्रांची जी ताबा फौज होती तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन पण होती. म्हणजे फौजी बुक, जुने फोटो, पत्रं जे मिळेल ते तलवारीसोबतच ठेवा.

आता मोजा. टोकापासून पात्याच्या पाठीला मुठीजवळ जी खाच असते तिथपर्यंत सरळ रेषेत, वळणावरून टेप फिरवू नका, मुठीतला भाग मोजू नका. ३०.३ सेंमीच्या आत असेल तर तांतो, तिथून ६०.६ सेंमीपर्यंत वाकिझाशी, त्याच्यावर कताना. एदो काळात म्हणजे १६०३ ते १८६८ मध्ये वाकिझाशी व्यापारीसुद्धा लावायचे, त्यामुळे सापडली म्हणजे सामुराईचीच असं काही नाही.

खरी माहिती मुठीच्या आत आहे. मुठीला आरपार एक बांबूची खुंटी असते, एका बाजूला बारीक, त्या बारीक बाजूने लाकडी काडीने हळूच ढकला, बाहेर येते. मग तलवार उभी, जराशी तिरकी धरा, धार स्वतःपासून लांब, आणि मूठ धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताने बुक्की मारा, पातं सैल होतं. नाही झालं तर सोडून द्या, हातोडी आणू नका. वॉशर, हातरोधक चकती, पितळी पट्टी ज्या क्रमाने निघेल त्याचे फोटो काढत जा, नंतर लावताना डोकं फिरतं. खुंटीच्या जागी स्क्रू निघाला तर शोपीस किंवा महायुद्धातली फौजी तलवार असू शकते, आणि वेष्टनाखाली खडबडीत माशाच्या कातडीऐवजी प्लास्टिक दिसलं तर बहुतेक शोपीस आहे.

पात्याच्या मुठीत बसणाऱ्या भागावरचा गंज गडद चॉकलेटी-काळा आणि गुळगुळीत असेल तर वय आहे. लालसर ताजा गंज, ठोकलेला छोटा शिक्का किंवा रंगवलेले नंबर असले तर दुसऱ्या महायुद्धातला माल असू शकतो. खुंटीची भोकं दोन-तीन असतील तर पातं मागून कापून आखूड केलं असेल, मग कारागिराची कोरलेली सही पण कापलेल्या भागासोबत गेली असेल. सही असलीच तर टॉर्च बाजूने तिरका मारून फोटो घ्या. एका बाजूला प्रांत आणि कारागिराचं नाव, दुसऱ्या बाजूला कधीकधी वर्ष, जसं कान्बुन हा काळ म्हणजे १६६१ ते १६७३, आणि महिना बहुतेकदा दुसरा नाहीतर आठवा. पण खोट्या सह्या तेव्हाही चालायच्या. कोतेत्सू या नावाजलेल्या कारागिराचं नाव दिसलं तर उड्या मारू नका, त्याच्या नावाने खंडीभर नकली आहेत.

पातं उजेडात तिरकं फिरवा. धारेजवळ दुधाळ रेघ आत लोखंडातच उमटलेली दिसली पाहिजे, आणि पात्यावर लाकडासारखी बारीक नक्षी. वरवर घासून काढलेली रेघ एकसारखी, मेलेली दिसते.

बोट लावू नका, घामाने डाग पडतात, आणि खाडीकडच्या दमट हवेत गंज चढायला वेळ लागत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात पुरे. खंडेनवमीला पूजा करा की, पण हळदकुंकू म्यानाला लावा, पात्यावर पाणी आणि लिंबू तर अजिबात नको.

आणि तलवार बॅगेत घालून लोकलने कोणाला दाखवायला निघू नका, ठाणे-नवी मुंबईत पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून लागू असतातच. शस्त्र कायदा १९५९चा आहे, घरात ठेवण्याबद्दल जवळच्या पोलीस स्टेशनला आधीच विचारून घेतलेलं बरं. टोकियोला तपासायला पाठवायचा विचार असेल तर तोही थांबवा, १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते, एएसआयला (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण) विचारल्याशिवाय देशाबाहेर जात नाही. फोटो मात्र पाहिजे तितके पाठवा.