धरणाकाठी सायकल: आधी बाभळीच्या काट्यांचा बंदोबस्त

उन्हाळ्यात खडकवासला-पानशेतच्या बॅकवॉटरला एमटीबी (माउंटन बाइक) नेताय? मग उन्हाआधी काट्यांचा विचार करा. पाणी ओसरलेल्या काठावर बाभळीचे वाळलेले काटे मातीत दडलेले असतात. निघताना हवा बघा: साधारण ७० किलो वजनाला ट्यूब असेल तर ३५ ते ४० पीएसआय, ट्यूबलेसला २५ ते २८. ट्यूबमध्ये यापेक्षा कमी हवा ठेवली, तर दगडावर आपटून रिम ट्यूबला चावते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

एकच भोक दिसलं तर तो बहुधा काटाच. नुसती ट्यूब बदलून निघू नका. टोक बऱ्याचदा टायरमध्येच राहिलेलं असतं आणि नव्या ट्यूबचीही हवा दहा मिनिटांत जाते. टायरच्या आतून चिंधी फिरवा, जिथे अडकेल तिथलं टोक चिमट्याने उपटा. बोट फिरवू नका, रक्त निघतं. पॅच लावताना सोल्यूशन पाचेक मिनिटं सुकू द्या. ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो.

पाण्यालगतच्या भेगाळलेल्या चिखलावर सायकल घालूच नका. वरून कडक, खाली मऊ. पुढचं चाक रुततं आणि माणूस हँडलवरून जातो.

उजाडताच निघा, दहाच्या आत सावली गाठा. माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. वाटेत भरायला मिळेल हे गृहीत धरू नका.