मल्लखांबावर चढलेल्या खेळाडूची स्थितिज ऊर्जा कशी काढावी?

पेशवाईतले मल्ल बाळंभटदादा देवधर यांना मल्लखांबाची स्फूर्ती नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगगडावर झाली, अशी आख्यायिका आहे. तेव्हा नाशिककरांनी स्थितिज ऊर्जेचं (म्हणजे उंचीवर गेल्यामुळे साठणाऱ्या ऊर्जेचं) गणित मल्लखांबावरच सोडवावं.

सूत्र: ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण (९.८) × उंची. बहुतेकांचं चुकतं ते उंचीत. इथे खांबाची उंची धरायची नसते. खेळाडूचा गुरुत्वमध्य (शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) जितका वर गेला, तेवढीच उंची धरायची.

१. वस्तुमान किलोग्रॅममध्ये घ्या. समजा ४० किलो. काटा किलोच दाखवतो, म्हणून ९.८ ने एकदाच गुणायचं. ३९२ न्यूटन हे वजन काढून झालं असेल, तर पुन्हा गुणू नका.

२. गुरुत्वमध्य शोधा. ताठ उभं असताना तो साधारण बेंबीच्या किंचित खाली असतो. आपल्या खेळाडूचा जमिनीपासून ०.८५ मीटरवर आहे असं धरू. खांब जमिनीवर २.६ मीटर.

३. आता आसन पाहा. टोकावर ताठ उभा राहिला, तर गुरुत्वमध्य बरोबर २.६ मीटर चढला: ४० × ९.८ × २.६ = १०१९ ज्यूल. तोच टोकावर पद्मासनात बसला, तर गुरुत्वमध्य टोकापासून जेमतेम ०.२५ मीटर वर, म्हणजे जमिनीपासून २.८५ मीटर. त्यातून आधीचे ०.८५ वजा केले की उरतात २ मीटर, आणि ऊर्जा ७८४ ज्यूल. खांब तोच, पण फरक २३५ ज्यूलचा.

उंची सेंटिमीटरमध्ये घातली तर उत्तर शंभरपट फुगतं. सरळ चढला की वेढे घेत, याने स्थितिज ऊर्जा बदलत नाही. घर्षणात आणि स्नायूंत जाणारी ऊर्जा वेगळी. मोबाइलवर चित्रण करून उंची मोजणार असाल, तर फोन पाच-सहा मीटर दूर, खांबाच्या मध्याच्या पातळीवर धरा. खालून वर रोखून घेतलेल्या चित्रात वरचा भाग आखूड दिसतो.

४. उडी मारून उतरताना हेच १०१९ ज्यूल परत येतात. पाय टेकताना वेग सेकंदाला ७.१ मीटर होतो. गुडघे वाकवून गुरुत्वमध्य ०.४ मीटर खाली जाऊ दिला, तर तो एकूण २.६ + ०.४ = ३ मीटर खाली येतो आणि पायांवरचं सरासरी बल ३९२ × ३ ÷ ०.४ = २९४० न्यूटन, वजनाच्या साडेसातपट. पाय ताठ ठेवून तो ०.१ मीटरच खाली गेला, तर ३९२ × २.७ ÷ ०.१, म्हणजे वजनाच्या २७ पट. म्हणून मॅट जाड हवी आणि गुडघे सैल.